नव्या गाडीच्या गुणवत्ता क्रमवारीला किती भाव द्यायचा?

वळणवाट

जे. डी. पॉवर या अमेरिकन संस्थेची नव्या गाड्यांच्या गुणवत्तेची यादी दरवर्षी येते, आणि मग पुढे कितीतरी दिवस ‘अमुक कंपनी पहिली, तमुक तळाला’ एवढंच कानावर पडत राहतं. यादी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात नेमकं काय मोजलंय हे न बघता माणसं एवढा मोठा खर्चाचा निर्णय घेऊन मोकळी होतात, हे मला खटकतं. म्हणून हा धागा.

हा अभ्यास १९८७ पासून चालू आहे. नवी गाडी घेतलेल्यांना पहिल्या ९० दिवसांत काय काय तक्रारी आल्या ते विचारतात आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या तो आकडा काढतात. आकडा जितका कमी तितकी कंपनी वर. २०२५ मध्ये लेक्सस (टोयोटाचाच महागडा ब्रँड) १६६ वर पहिली होती आणि सगळ्या कंपन्यांची सरासरी होती १९२.

आता हे आकडे शंभरने भागून बघा. सरासरी गाडीला तीन महिन्यांत १.९२ तक्रारी, पहिल्या नंबरच्या कंपनीच्या गाडीला १.६६. फरक पाव तक्रारीचा. लेक्ससच्या चार गाड्या आणि सरासरी चार गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सगळ्यांत मिळून एक तक्रार इकडची तिकडे. बातमीत ‘पहिला’ आणि ‘पंधरावा’ असं छापून आलं की मधे केवढी दरी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती एवढीच असते.

दुसरं म्हणजे या यादीत प्रत्येक तक्रार एकच धरली जाते. फोन गाडीशी जोडला गेला नाही ही एक तक्रार. गिअरबॉक्स झटके देतो हीसुद्धा एकच. २०११ मध्ये फोर्ड या यादीत पाचव्या नंबरवरून एकदम तेविसाव्यावर घसरली. तिच्या गाड्या वर्षभरात एवढ्या ढासळल्या होत्या का? त्या घसरणीत मोठा वाटा नव्या टचस्क्रीनचा होता, ‘मायफोर्ड टच’चा. गिअरबॉक्सच्याही तक्रारी होत्या, पण दोन्ही एकाच आकड्यात मिसळून गेल्या. नुसता नंबर वाचणाऱ्याला त्यातलं काहीच दिसलं नसतं.

माझं मत असं की यादी बघावी, पण प्रश्न शोधायला. उत्तर तिच्यात नाही. तुम्ही गाडी घेताना अशा क्रमवाऱ्या बघता का? बघितल्यावर निर्णय बदलला का?

जुनाचालक

मी अजिबात बघत नाही. गाडीची परीक्षा पाचव्या-सहाव्या वर्षी होते. नव्वद दिवसांत कुठलीही गाडी गुणीच असते.

आणि ही संस्था पहिल्या येणाऱ्यांना बक्षिसं देते त्यांचं काय सांगता? जाहिरातीत ती बक्षिसाची ढाल दाखवायची असेल तर कंपनीला त्या संस्थेला पैसे मोजावे लागतात. ज्या यादीतून यादी काढणाऱ्याला उत्पन्न मिळतं तिच्यावर मी विश्वास का ठेवू?

स्पॅनर

जुनाचालक, तुमचं अर्धं बरोबर आहे. बक्षिसाचं चिन्ह जाहिरातीत वापरायला परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात. पण पैसे देऊन नंबर वर नेता येतो असा अर्थ त्यातून निघत नाही. त्या परवान्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी दिसतो. गाड्यांचे गट भरपूर पाडलेले असतात, छोटी एसयूव्ही, मोठी एसयूव्ही, महागडी छोटी एसयूव्ही असे. प्रत्येक गटाला एक विजेता. त्यामुळे बऱ्याच कंपन्यांना ‘आम्ही पहिले’ म्हणायची सोय होते. जाहिरातीत ढाल दिसली की मी आधी ती कोणत्या गटातली आणि कोणत्या वर्षाची ते बारीक अक्षरात शोधतो.

मी वर्षानुवर्षं गाड्या दुरुस्त करतोय. नव्वद दिवसांत काय दिसतं आणि काय दिसत नाही याचं उदाहरण देतो. ह्युंदाई या यादीत १९९८ मध्ये २७२ वर होती, अगदी वाईट. २००४ मध्ये १०२ वर आली, होंडा-टोयोटाच्या बरोबरीला. सहा वर्षांत. ही प्रगती खरी होती, दारं नीट बसायला लागली, आवाज कमी झाले, जोडणी सुधारली. त्यासाठी त्या कंपनीला मनापासून दाद द्यायला हवी.

पण पुढे २०११-१२ च्या सोनाटाची थीटा टू इंजिनं आली. क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) तयार करताना धातूचे बारीक कण आत राहून गेले, ते तेलाचा मार्ग अडवायचे, बेअरिंग जायचं आणि इंजिन बसायचं. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिलं मोठं रिकॉल (दोष काढून द्यायला गाड्या परत बोलावणं) झालं, २०१७ मध्ये ते आणखी वाढलं. इतका जिवावरचा दोष पहिल्या तीन महिन्यांच्या प्रश्नावलीत येणार कसा? मालकाच्या हातात तेव्हा शांत, गुळगुळीत चालणारं इंजिन होतं.

टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं तसंच. फुगा फुगवणारं आतलं अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत गेलं, मग फुगा उघडताना धातूचे तुकडे उडायला लागले. माणसं मेली. जगातलं सर्वांत मोठं रिकॉल ते. पहिल्या दिवशी त्या सगळ्या एअरबॅग चांगल्याच होत्या.

निळीछत्री

वाचतेय. तिघांशीही थोडी असहमत.

‘फोन जोडला जात नाही ही काय तक्रार झाली’ असा सूर लागतोय, तो मला पटत नाही. इंजिन दहा वर्षांत एकदा बिघडेल किंवा बिघडणारही नाही. स्क्रीन मी रोज वापरते. एसीचा वेग बदलायला तीन ठिकाणी बोट लावावं लागत असेल तर तेवढा वेळ माझी नजर रस्त्यावर नसते. हा गुणवत्तेचाच प्रश्न आहे, सुरक्षिततेचाही आहे. युरो एनकॅपसारख्या, गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारी बटणं असावीत म्हणून गुण ठेवले, ते उगाच नाही.

जे. डी. पॉवरने २००६ मध्ये प्रश्नावली बदलली आणि मोडलेल्या गोष्टींबरोबर ‘चालते पण वापरायला त्रासाची’ अशा गोष्टीही मोजायला घेतल्या. मला तो बदल योग्य वाटतो. ज्यांनी गाडी आखली त्यांना या यादीशिवाय कोण सांगणार होतं की तुमची स्क्रीन लोकांना छळतेय?

वळणवाट

निळीछत्री, त्या तक्रारी मोजू नयेत असं मी म्हणत नाही. एकाच आकड्यात मिसळू नयेत असं म्हणतेय. स्क्रीनचा त्रास मला शोरूममध्ये अर्ध्या तासात स्वतः तपासता येतो. बेअरिंगचा येत नाही. जे मला तपासता येत नाही त्यासाठी मला दुसऱ्यांच्या अनुभवाची गरज आहे, आणि नेमका तोच अनुभव या आकड्यात सर्वांत कमी आहे.

निळीछत्री

हा मुद्दा मान्य. पण अर्ध्या तासात सगळं कळतं असं नाही. लेन धरून ठेवणारी यंत्रणा पावसात विनाकारण स्टिअरिंग ओढते का, उन्हात स्क्रीन दिसते का, हे घेतल्यावरच कळतं. तिथे नव्वद दिवस पुरेसे असतात.

आकडेमोड

सर्वेक्षणांच्या कामात आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

एक तर या अभ्यासाचा नमुना लहान नाही. २०२५ मध्ये नव्वद हजारांहून जास्त ग्राहकांची उत्तरं होती. एवढ्या उत्तरांतून सगळ्या बाजाराची सरासरी छान निघते. पण तुम्ही सगळा बाजार विकत घेत नाही, एक मॉडेल घेता. नव्वद हजार आधी कंपन्यांत वाटा, मग मॉडेलांत, मग इंजिनांत, की एकेका खणात उत्तरं पातळ होत जातात. कंपनीचा नंबर म्हणजे तिच्या सगळ्या गाड्यांचं मिश्रण. त्यात जी जास्त खपते तिचं वजन जास्त.

टोयोटाचंच बघा. विश्वासार्हतेत तिचं नाव सर्वांत वर घेतलं जातं आणि ते कमावलेलं आहे. तरी २०२४ मध्ये तिला अमेरिकेत २०२२-२३ च्या टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, नव्या व्ही-सिक्स टर्बो इंजिनात घडणीच्या वेळचा कचरा राहिला होता म्हणून. म्हणजे स्पॅनर यांनी सांगितलं त्याच जातीचा दोष, तोही यादीत वर असणाऱ्या घरात. ज्याने ‘टोयोटा आहे, बघायचं काय’ म्हणून त्या वर्षीची टुंड्रा घेतली त्याला कंपनीच्या सरासरीचा काही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच संस्थेचा दुसरा अभ्यास आहे, तीन वर्षं जुन्या गाड्यांचा. त्यात मागच्या बारा महिन्यांतल्या तक्रारी विचारतात. २०२५ मध्ये सरासरी होती २०२ आणि पहिल्या आलेल्या लेक्ससचा आकडा १४०. फरक ६२. नव्वद दिवसांच्या यादीत हाच फरक २६ होता. दोन्हींच्या प्रश्नावल्या वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे थेट वजा-बाकीचे नाहीत, तरी एवढं दिसतं की नवेपणी गाड्या एकमेकींसारख्या असतात आणि वय वाढलं की वेगळ्या व्हायला लागतात. मग नव्वद दिवसांच्या यादीवर एवढा गाजावाजा का? कारण ती ताजी असते.

आणि इथेच खरी अडचण आहे. २०२५ चा तीन वर्षांचा अभ्यास २०२२ च्या गाड्यांवर होतो. आज तुम्ही घेणार ती गाडी मधल्या काळात बदलली असेल तर तो अभ्यास तुमच्या गाडीबद्दल नाहीच. ताजी माहिती उथळ आणि खोल माहिती शिळी. यातून कुणालाच सुटका नाही, कितीही चांगली संस्था असली तरी.

जुनाचालक

हे आवडलं. माझं म्हणणं तुम्ही आकड्यांत सांगितलंत.

स्पॅनर

आकडेमोड, शेवटच्या मुद्द्यातून सुटका आहे, निदान अर्धी. जे मॉडेल तीन-चार वर्षं मूळ स्वरूपात तसंच विकलं जातंय ते घ्यायचं. दिवे-बंपर बदलले तर हरकत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन तेच आहे ना एवढं बघायचं. मग २०२२ ची माहिती आजच्या गाडीलाही लागू पडते. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत नव्या पिढीच्या पहिल्या वर्षाच्या गाड्या वेगळ्या ओळखू येतात. तोच दोष पुन्हा पुन्हा, मग कंपनी सुटा भाग बदलते, पुढच्या वर्षीपासून तो दोष दिसेनासा होतो.

मोकळा_रस्ता

मी सध्या गाडी शोधतोय म्हणून हा धागा फार वेळेवर आलाय. दोन गाड्यांत अडकलोय. एक यंदाच पूर्ण नवीन झालीय, कंपनी क्रमवारीत वरच्या पाचांत. दुसरी बरीच वर्षं तशीच आहे, कंपनी मधल्या नंबरांत. आजवर पहिली घेणार होतो, निव्वळ क्रमवारीमुळे. आता काय बघू?

अजून एक, कन्झ्युमर रिपोर्ट्सची यादी आणि ही यादी एकमेकींशी का जुळत नाहीत? एकीत वर असलेली कंपनी दुसरीत खाली कशी?

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासूनची ना-नफा संस्था आहे, जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते. ती आपल्या सभासदांना विचारते, नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांबद्दल, आणि इंजिन-गिअरबॉक्ससारख्या गंभीर दोषांना जास्त वजन देते. नव्या मॉडेलचा अंदाज बांधताना त्याच गाडीची आधीची वर्षं धरते. म्हणजे प्रश्न वेगळा, उत्तरं देणारी माणसं वेगळी, वजनं वेगळी. याद्या जुळल्या असत्या तर नवल वाटलं असतं.

जर्मनीत आणखी दोन वेगळ्या वाटा आहेत आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण त्यात मालकाचं मत विचारलंच जात नाही. टीयूव्ही या तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थांचा अहवाल सक्तीच्या तपासणीतून येतो. गाडी नोंदवल्यावर तीन वर्षांनी पहिल्यांदा आणि मग दर दोन वर्षांनी निरीक्षक ती खालून-वरून बघतो, ब्रेक, दिवे, सस्पेन्शन. २०२५ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांत होंडा जॅझ सर्वांत वर होती, २.४ टक्के गाड्यांत मोठे दोष. टेस्ला मॉडेल थ्री तळाला, १४.२ टक्के. दुसरी वाट एडीएसीची, म्हणजे तिथल्या वाहनचालकांच्या क्लबची. तिची माणसं रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करतात, त्या फेऱ्यांची आकडेवारी ती संस्था १९७८ पासून काढते.

वळणवाट

टेस्लाचा तो आकडा मीही वाचला होता. आणि त्यातही ‘काय मोजलं’ हाच प्रश्न उभा राहतो. दोष मुख्यतः ॲक्सल-सस्पेन्शन, ब्रेकच्या चकत्या आणि दिव्यांचे होते. मोटर किंवा मोठी बॅटरी निकामी झाली असा त्याचा अर्थ नाही. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना बराचसा भार मोटरवर घेते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि चकत्या गंजतात. शिवाय नियमित सर्व्हिसिंगची सक्ती नसली की हे दोष तपासणीच्या दिवशीच पहिल्यांदा उघड होतात. दोष खरेच आहेत, पण ‘गाडी सर्वांत वाईट’ हा निष्कर्ष त्यातून सरळ निघत नाही.

एडीएसीच्या आकडेवारीत तर चाळीस टक्क्यांहून जास्त खोळंबे साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे होतात. ती बॅटरी वेळेवर बदलणं मालकाच्या हातात असतं.

स्पॅनर

अगदी बरोबर. इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल अजून एक. २०२४ च्या नव्वद दिवसांच्या अभ्यासात त्यांचा आकडा २६६ होता, पेट्रोल-डिझेलवाल्यांचा १८०. त्या वर्षी पहिल्यांदाच सर्व्हिस सेंटरमधल्या दुरुस्त्यांच्या नोंदीही धरल्या होत्या, त्यामुळे ‘लोकांना नवं तंत्र वापरता येत नाही म्हणून कुरकुरतात’ ही सबब तिथे पुरत नाही. तरीही त्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरचा भाग मोठा. मोटरमध्ये हलणारे भाग मुळात कमी असतात.

मोकळा_रस्ता, तुमच्या दोन गाड्यांबद्दल. पहिलीचं इंजिन आणि गिअरबॉक्स नवीन आहे की आधीच्या मॉडेलातून आलंय हे आधी शोधा. कंपन्या बऱ्याचदा नव्या अंगावर जुनं इंजिन ठेवतात, तसं असेल तर भीतीचं कारण अर्धं कमी होतं. तेच इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीत आहे का तेही बघा आणि तिचा इतिहास वाचा. गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे हे नक्की विचारा. काही वर्षांपूर्वी ड्राय क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सनी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक, ज्याचे क्लच तेलात नसतात) बऱ्याच मालकांना रडवलं, आणि कंपनीच्या नंबरावरून ते आधी कळलं नसतं.

दुसरीचं रिकॉल किती वेळा झालं ते बघा. रिकॉल झालं म्हणजे गाडी वाईट असं धरू नका. दोष कशात होता आणि कंपनीने स्वतःहून किती लवकर पावलं उचलली यावरून जास्त कळतं.

जुनाचालक

आणि वॉरंटीची पुस्तिका वाचा. कंपनीला स्वतःच्या गाडीची जेवढी खात्री तेवढीच ती लिहून देते. ह्युंदाईने १९९८ नंतर अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी दिली. ग्राहक विश्वास ठेवत नव्हता, तेव्हा कंपनीने स्वतःचे पैसे पणाला लावले. माझ्या दृष्टीने तेवढं वचन कुठल्याही क्रमवारीपेक्षा जड आहे.

निळीछत्री

जुनाचालक, पण त्या वॉरंटीपर्यंत त्यांना ढकललं कुणी? १९९८ चा तो २७२ आकडा सगळ्यांना दिसत होता, अशा आकड्यांनीच तर लाज आणली. मला वाटतं क्रमवारीचा सर्वांत मोठा उपयोग आपल्याला होतच नाही, आपल्यानंतर गाडी घेणाऱ्याला होतो. कंपन्या ती डोळ्यांत तेल घालून वाचतात. त्यासाठी तरी ती असायला हवी आणि आपण प्रामाणिकपणे भरायला हवी.

आकडेमोड

याला पूर्ण अनुमोदन. एक विनंतीही जोडते, कुठल्याही संस्थेची प्रश्नावली हाती आली तर गाडीवर राग आहे म्हणून चार तक्रारी वाढवू नका आणि गाडी लाडकी आहे म्हणून लपवू नका. ‘एवढे पैसे मोजलेत तर वाईट कसं म्हणू’ हा विचार उत्तरांत उतरतो, आणि त्याची किंमत पुढच्या ग्राहकाला मोजावी लागते.

मोकळा_रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शोधाशोध केली. पहिल्या गाडीचं इंजिन आधीच्या मॉडेलातलंच आहे, पण गिअरबॉक्स पूर्ण नवीन, दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही. दुसरीचं एक रिकॉल झालंय, इंधन पंपाचं, आणि आता विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बदललेला पंप येतो असं कंपनीच्या सूचनेत आहे. मन दुसरीकडे झुकतंय. तिची स्क्रीन मात्र खरंच जुनाट आहे.

निळीछत्री

मग उन्हात आणि रात्री, दोन्ही वेळी चालवून बघा. स्वतःचा फोन जोडा, नकाशा लावा, तो चालू असताना एसी कमी-जास्त करा. जुनाट असली तरी नजर रस्त्यावर राहत असेल तर घ्या.

स्पॅनर

आणि चालवताना गाडी थंड असतानाची पहिली पाच मिनिटं स्वतः चालवा, आधीच गरम करून आणलेली नको. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले झटके तेव्हाच कळतात. पहिली गाडी मनातून जात नसेल तर वर्षभर थांबून बघा, तोवर त्या गिअरबॉक्सबद्दल मालकांकडून काहीतरी ऐकू यायला लागेल.